जुन्या थिंकपॅडवर पुन्हा विंडोज एक्सपी: अडकलेल्या मराठी फायलींसाठी

गिरगावात आमचं कंपोझिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, आरतीसंग्रह, सोसायट्यांच्या नोटिसा, आणि श्रावण लागला की गणेशोत्सव मंडळांचे अहवाल. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, उभ्या आयुष्यात केलेली अक्षरजुळणी सीडींच्या खोक्यांत पडून आहे. सगळ्या पेजमेकरच्या (पानं जुळवायचा जुना प्रोग्राम) फायली, आणि युनिकोडच्या, म्हणजे आताच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचे मराठी फॉन्ट. पेजमेकर २००१ सालच्या सातव्या आवृत्तीपाशी थांबलं. त्याच्या जागी आलेलं आताचं इनडिझाइन त्या फायली उघडत नाही. मजकूर कसाबसा बाहेर काढलाच, तर मराठी शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डोक्यावर टोप्या घातलेली चिन्हं दिसतात. मजकूर फायलीत शाबूत असतो, पण तो वाचणारं मशीन आपल्याकडे उरलेलं नसतं.

मी त्यासाठी थिंकपॅड टी४२ हा आयबीएमचा जुना लॅपटॉप सेकंडहँड घेतला आणि त्यावर विंडोज एक्सपी घातलं. ओळखीतल्या कंपोझिटरांनाही तसंच करून दिलं. त्यांच्यातले बरेच जण पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन (प्रोग्रामने बनवलेला कॉम्प्युटरातला कॉम्प्युटर) करून त्यात एक्सपी टाका, असं पुष्कळ जण सुचवतात. नुसती फाइल उघडायची असेल तर तेवढ्याने भागतं. आमची अडचण हार्डवेअर लॉकची आहे. जुन्या मराठी सॉफ्टवेअरबरोबर काडेपेटीएवढा एक लॉक मिळायचा. तो प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. आताच्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं. यूएसबीला लावायची प्रिंटरची केबल बाजारात मिळते, पण तिला फक्त प्रिंटरशी बोलता येतं, लॉकशी नाही. तेव्हा पोर्ट, डिस्क, ड्रायव्हर (मशीनच्या भागांना विंडोजशी जोडणारे प्रोग्राम), सिस्टम, सगळं एकाच काळातलं असलेलं मशीन घ्यावं. त्यात त्रास सगळ्यात कमी.

मशीन कोणतं घ्यावं

टी४२ हे २००४ सालचं मॉडेल. आयबीएमने पीसीचा धंदा लेनोव्होला विकला तो व्यवहार २००५ च्या मे महिन्यात पूर्ण झाला, म्हणजे त्याच्या थोडंसं आधीचं. पेंटियम एम प्रोसेसर, दोन स्लॉटमध्ये मिळून २ जीबीपर्यंत डीडीआर रॅम, मागे खरं प्रिंटर पोर्ट, सरकवून बाहेर काढता येणारा सीडी ड्राइव्ह. रॅम ५१२ एमबी असली तरी पेजमेकर मजेत चालतं. १ जीबी मिळाली तर उत्तम, त्याहून जास्तीच्या मागे लागू नका.

टी४२ची माझ्या लेखी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्याची डिस्क आयडीई, म्हणजे जुन्या जोडणीची, आहे. एक्सपीच्या सीडीला आयडीई डिस्क विनातक्रार दिसते. त्यानंतरच्या टी६०ला साटा, म्हणजे नव्या जोडणीची, डिस्क आहे, आणि बायॉसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानांत) ती एएचसीआय या नव्या मोडवर असेल तर सेटअप निळा पडदा दाखवून शेवटी ७बी असलेला कोड देऊन थांबतो. तुमच्याकडे टी६०च असेल तर बायॉसच्या कॉन्फिग पानावर सिरियल एटीए शोधून तिथे कम्पॅटिबिलिटी निवडा, अडचण सुटते. चार्जरची अदलाबदल मात्र अजिबात नको. टी४२ला १६ व्होल्टचा चार्जर लागतो, टी६०ला २० व्होल्टचा. दुकानदार "अरे, चालतो हा" म्हणाला तरी चार्जरवरचं लेबल स्वतः वाचा.

लॅमिंग्टन रोडला जायचं तर ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. दुकानं उघडल्या-उघडल्या गेलात तर गर्दी कमी असते आणि दुकानदार मशीन शांतपणे चालू करून दाखवतो. चोरबाजारात शुक्रवारी पहाटे भरणाऱ्या जुन्या बाजारातही लॅपटॉप दिसतात, पण तिथे ते लावून बघायला वीज कुठली? तिथून मी फक्त सुटे भाग घेते, म्हणजे कीबोर्ड, डिस्कची ट्रे, स्क्रू.

दुकानात बसल्या जागी काय तपासायचं ते सांगते. मशीन चालू करताच एफ१ दाबा. बायॉस उघडला तर ठीक. पासवर्ड मागितला आणि तो दुकानदाराला माहीत नसेल तर मशीन तिथेच ठेवून या. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असतो आणि आतला सेल काढला तरी जात नाही. "सेल काढून ठेवा, रात्रभरात निघेल" हे या मशीनला लागू नाही. चालू होताना १६१ किंवा १६३ असा आकडा आला तर घाबरू नका. पहिल्याचा अर्थ सेल संपलाय, दुसऱ्याचा अर्थ तारीख-वेळ लावलेली नाही. सेल बदलून तारीख-वेळ लावली की दोन्ही जातात. "फॅन एरर" लिहून मशीन बंद पडलं तर पंखा बदलण्याचा खर्च धरून भाव करा.

या मॉडेलचं खरं दुखणं ग्राफिक्स चिपमध्ये आहे. वर्षानुवर्षं लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलला की बोर्ड किंचित वाकतो आणि चिपखालचे टाके सुटतात. म्हणून दुकानात मशीन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, मग पुढची डावी कड हलक्या हाताने इंचभर उचला. पडद्यावर रेघा आल्या, रंग फाटले किंवा मशीन गोठलं तर ते घेऊ नका. ही चाचणी करू द्यायला दुकानदार नाखूश असेल तर तेही एक उत्तरच आहे. घरी आणल्यावर मात्र मशीन कायम दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन उचलायचं. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

शेवटी मशीन उलटं करून एक्सपीचा स्टिकर बघा. २५ अक्षरांची की वाचता येते ना? ती पुसट झाली असेल तर तिरप्या उजेडात फोनने फोटो काढा. बऱ्याचदा डोळ्यांना न दिसणारं अक्षर फोटोत सापडतं.

मुंबईची हवा

या शहरात जुनं मशीन वापरण्याआधी त्याची ओल काढावी लागते. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी पाय काळपट होतात आणि मशीन उगाचच अडखळतं. पट्टी काढून ते पाय साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासायचे, कीस झटकायचा, पट्टी परत बसवायची. सीडी ड्राइव्हच्या भिंगावर धुरकट थर बसलेला असतो. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून भिंगावरून एकदा, न दाबता फिरवा. हे केलं नाही तर सेटअप अर्ध्यावर "फाइल कॉपी करता येत नाही" म्हणून रडतो, आणि आपण सीडीला दोष देत बसतो.

पंख्याची जाळी साफ करा, प्रोसेसरवरची वाळून गेलेली पेस्ट पुसून नवी लावा. स्क्रू निरनिराळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावत जा. बॅटरी फुगलेली असेल तर लगेच काढून ई-कचऱ्यात द्या. नुसत्या चार्जरवरही मशीन व्यवस्थित चालतं, फक्त वायर हिसकली जाणार नाही अशी जागा निवडा.

मग रॅमची परीक्षा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मेमटेस्ट८६+ ची सीडी करून घ्या आणि रात्रभर लावून ठेवा. एकही चूक दाखवली तर पट्टी बदला. खराब रॅमवर एक्सपी कधीकधी पूर्ण बसतं सुद्धा, आणि मग महिन्याभराने फायली बिघडायला लागतात. आपल्या कामात याहून वाईट काही नाही.

आधी जुनी डिस्क जपा

मशीनबरोबर मूळ डिस्क आली असेल तर तिला लगेच फॉरमॅट मारू नका. आयबीएमने कारखान्यातूनच डिस्कच्या एका लपवलेल्या भागात पूर्ण एक्सपी आणि सगळे ड्रायव्हर भरून दिलेले असत. मशीन सुरू होताना कीबोर्डच्या वरचं निळं "ॲक्सेस आयबीएम" बटण दाबलं की तो भाग उघडतो, आणि तिथून मशीन कारखान्यातल्या स्थितीला नेता येतं. हा रस्ता सुरू असेल तर तोच धरा. ड्रायव्हर शोधत फिरावं लागत नाही आणि विंडोज ॲक्टिव्हेट करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ती प्रत मशीनच्या बायॉसला ओळखते.

पण त्याआधी पूर्ण डिस्कची कॉपी घ्या. बायॉसच्या सिक्युरिटी पानावर प्रीडेस्कटॉप एरिया असा पर्याय आहे. तो तात्पुरता डिसेबल्ड करा, नाहीतर लपवलेला भाग कॉपीत येत नाही. खालचा एक स्क्रू काढला की डिस्क बाजूने सरकून बाहेर येते. यूएसबीला जोडणाऱ्या आयडीई ॲडॉप्टरने ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि लिनक्समधून जीएनयू डीडीरेस्क्यू हा कॉपीचा प्रोग्राम चालवा. साधी कॉपी खराब जागेवर अडून बसते. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग उचलतं, खराब जागांची नोंद ठेवतं आणि शेवटी तिथे परत जाऊन प्रयत्न करतं. कॉपी झाली की तो पर्याय पुन्हा नॉर्मल करून ठेवा. आधीच्या मालकाचे फोटो किंवा कागदपत्रं त्यात दिसली तर ती उघडू नका. रिकव्हरीचा भाग तेवढा राखा आणि बाकीचं पुसा.

वीस वर्षं फिरलेल्या डिस्कवर अण्णांचं काम ठेवायला माझं मन धजत नाही. ४४ पिनांच्या आयडीई ॲडॉप्टरमध्ये बसणारी एमसाटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली छोटी डिस्क, मी वापरते. लहानात लहान मिळेल ती पुरते. मशीन आवाज करत नाही, तापत नाही. यात एक बारकावा आहे. एक्सपी स्वतः पार्टिशन (डिस्कचा भाग) करतं तेव्हा ते ६३व्या सेक्टरपासून सुरू करतं, आणि ते एसएसडीच्या मांडणीशी जुळत नाही. म्हणून लिनक्सच्या सीडीवरून जीपार्टेड उघडून एमआयबीला जुळवलेलं, म्हणजे पूर्ण मेगाबाइटच्या हद्दीवर सुरू होणारं, २० जीबीचं पहिलं पार्टिशन करा, उरलेल्यात दुसरं. एक्सपीच्या सेटअपमध्ये ती पार्टिशनं न पुसता नुसती फॉरमॅट करायची.

सीडी

रिकव्हरी चालत नसेल किंवा डिस्क नवी असेल तर सीडीवरून बसवायचं. स्टिकर ओईएमचा, म्हणजे मशीनबरोबर विकलेल्या प्रतीचा, असतो, त्यामुळे सीडीही ओईएम एक्सपी प्रोफेशनलचीच हवी. दुकानातून सुट्या विकल्या गेलेल्या प्रतीची सीडी ही की घेत नाही. लोक इथे अडतात आणि की खोटी समजतात. सीडी सर्व्हिस पॅक ३ (मायक्रोसॉफ्टने एकत्र दिलेल्या दुरुस्त्या) मिसळलेली असेल तर बरं. नसेल तर एनलाइट नावाच्या प्रोग्रामने तो मिसळता येतो. सर्व्हिस पॅक १ च्या आधीची अगदी जुनी सीडी १३७ जीबीच्या पुढची डिस्क ओळखत नाही, तेवढं ध्यानात असू द्या. सीडी-आरवर लिहिताना "इमेज" म्हणून लिहा, फाइल म्हणून नाही, आणि सगळ्यात कमी वेग ठेवा. पेन ड्राइव्हवरून एक्सपी बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण त्यांत जाणारा वेळ पाहता सीडीच बरी.

आणखी एक तयारी आत्ताच करा. ड्रायव्हर, फॉन्ट आणि पेजमेकर एका पेन ड्राइव्हवर भरून ठेवा. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, कारण नवे मोठे ड्राइव्ह ज्या एक्सफॅटमध्ये येतात ते एक्सपीला मुळात वाचता येत नाही.

निळा पडदा, पण चांगला

सीडी घालून मशीन चालू करा, एफ१२ दाबून सीडी ड्राइव्ह निवडा. काळ्या पडद्यावर "प्रेस एनी की" अशी ओळ येते ती थोडाच वेळ थांबते, तेवढ्यात कुठलंही बटण दाबा. निळ्या पडद्यावर खालच्या पट्टीत ड्रायव्हरांची नावं सरकत राहतात. मग एंटर, परवान्याच्या पानावर एफ८. जुनं विंडोज सापडलं आणि दुरुस्त करू का असं विचारलं तर एस्केप दाबून पुढे जा. दुरुस्ती केलेल्या सिस्टमवर माझा भरवसा नाही, कुठली फाइल कधीची ते शेवटपर्यंत कळत नाही.

पार्टिशनच्या यादीत पहिलं पार्टिशन निवडून एंटर. जुनी डिस्क कोरी करायची असेल तर डी दाबायचं, मग एंटर, मग खात्रीसाठी एल, आणि सीने नवं करायचं. फॉरमॅटला एनटीएफएस निवडा. फिरत्या डिस्कला पूर्ण फॉरमॅट द्या, वेळ लागला तरी चालेल, कारण त्यात खराब जागा कळतात. एसएसडीला क्विक पुरे.

फायली उतरल्या की मशीन स्वतः बंद होऊन चालू होतं. पुन्हा "प्रेस एनी की" येईल, या वेळी कशालाही हात लावू नका. बटण दाबलंत तर सेटअप पहिल्यापासून सुरू होतो. आता रंगीत पडदा येतो आणि डावीकडे ३९ मिनिटं बाकी असल्याचं दिसतं. ती मिनिटं घड्याळाची समजू नका.

देवनागरीचा टिक

या टप्प्यावर प्रादेशिक आणि भाषेच्या सेटिंगची खिडकी येते, आणि बहुतेक जण पुढे ढकलून मोकळे होतात. आपण कस्टमाइझ दाबायचं. लँग्वेजेस या टॅबवर "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट" असलेल्या ओळीवर टिक करायची. त्या ओळीत मराठीचं नाव कुठेच नसतं, थाईचं असतं, म्हणून ती आपल्यासाठी आहे हे कळत नाही. हा टिक नसेल तर एक्सपीत मराठी युनिकोड तुटकं दिसतं: पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होऊन मध्ये हलन्त दिसतो. टिक केला की साधारण १० एमबी फायली उतरतात. सीडी आतच असल्याने हे काम आताच उरकतं. नंतर करायला गेलात तर विंडोज पुन्हा सीडी मागतं. रिकव्हरीने बसवलेल्या मशीनवर हे कंट्रोल पॅनेलमधून करा, आणि सीडी मागितलीच तर डिस्कवर आय३८६ नावाचं फोल्डर आहे का ते शोधून त्याचा पत्ता द्या.

डिटेल्समध्ये जाऊन मराठी कीबोर्ड जोडा. तो इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या मांडणीचा, आहे. इंग्रजी जे वर र, शिफ्ट जे वर ऱ, डी वर हलन्त, तिरप्या रेघेवर य. "दऱ्या" आणि "दर्या" हे दोन वेगळे शब्द वेगळे टाइप करायचे तर पहिल्यासाठी शिफ्ट जे, डी, तिरपी रेघ असं दाबायचं. ळ शिफ्ट एन वर आहे. मंगल हा फॉन्ट एक्सपीबरोबर येतोच.

त्याच खिडकीच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर नॉन-युनिकोड प्रोग्रामांची भाषा विचारलेली असते. तिथे इंग्रजी, युनायटेड स्टेट्स हेच ठेवा. आपले जुने मराठी फॉन्ट हे इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी वळणं बसवून केलेले आहेत, आणि जुने प्रोग्राम ते खण मोजूनच अक्षर उचलतात. इथे दुसरी भाषा निवडली की खण बदलतात आणि चांगली फाइल कचरा दिसायला लागते. "फॉन्ट टाकला तरी फाइल बिघडलेलीच दिसते" अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा मी आधी हे सेटिंग बघते.

पुढे नाव, की, मशीनचं नाव आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. मोडेम ओळखला गेला तर शहराचा कोड विचारतात, मुंबईचा २२. वेळेच्या यादीत साडेपाच तासांच्या ओळीत मुंबईचं नाव आहेच. नेटवर्कला टिपिकल. इंटरनेटचं काही विचारलं तर स्किप. ओईएम सीडीवरून बसवलेलं विंडोज ३० दिवसांत ॲक्टिव्हेट करावं लागतं. रिकव्हरीचा रस्ता मला जास्त आवडतो तो याचसाठी.

ड्रायव्हरांचा क्रम

आधी इंटेलच्या ८५५ चिपसेटचा. मग रीस्टार्ट. मग एटीआय रेडिऑनचा, म्हणजे पडदा पूर्ण रिझोल्यूशनला येतो आणि अक्षरांच्या कडा स्वच्छ दिसतात. त्यानंतर पॉवर मॅनेजमेंट, हॉटकी, ट्रॅकपॉइंट, शेवटी आवाज. आयबीएमचे ड्रायव्हर बहुधा आधी एका फोल्डरमध्ये उलगडतात आणि सेटअप तिथून चालवावा लागतो. उलगडलं म्हणजे बसलं असं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकही पिवळं चिन्ह असेपर्यंत उठू नका, वायफाय आणि मोडेम सोडून. त्यांची आपल्याला गरज नाही.

आता लॉक. बायॉसमध्ये पॅरलल पोर्ट एनेबल्ड करा, पत्ता ३७८ ठेवा. मशीन पूर्ण बंद करूनच लॉक लावा, हे पोर्ट चालू मशीनमध्ये लावा-काढायचं नाही. लॉकचे स्क्रू बोटांनी आवळा, पाना-पक्कड नको. मग मशीन चालू करून लॉकचा ड्रायव्हर बसवा, आणि त्यानंतर मराठी सॉफ्टवेअर. ड्रायव्हर विंडोज ९८ च्या काळातला असेल तर एक्सपीवर चालत नाही, त्यातला एनटी किंवा २००० साठीचा शोधा. "लॉक सापडत नाही" आलं तर पोर्टचा मोड बाय-डायरेक्शनल करून बघा, नाहीतर ईसीपी. प्रत्येक लॉकची खोड वेगळी.

इंटरनेट नाही

या मशीनला नेटची वायर लावू नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. २००४ साली सॅसर नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) नुसतं नेटला जोडलेलं, पॅच न मारलेलं एक्सपी शोधून आत शिरायचा, कोणी काही क्लिक करायची गरज नव्हती. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा दुसरा वर्म पसरला तेव्हा सपोर्ट संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी पॅच काढावा लागला. आपलं काम पूर्ण ऑफलाइन होतं, तर ही जोखीम कशासाठी घ्यायची? बायॉसमध्येच नेटवर्क बंद करून टाका म्हणजे घरातलं कोणी सहज म्हणून वायर जोडणार नाही.

ने-आण पेन ड्राइव्हने. तो ड्राइव्ह या एकाच कामाचा ठेवा आणि नव्या कॉम्प्युटरवर स्कॅन करून मगच इकडे लावा. छपाईवाल्यांकडे फिरून आलेला पेन ड्राइव्ह इथे लावायचा नाही. ऑटोरन, म्हणजे ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्राम सुरू होणं, बंद करा.

फायली बाहेर काढताना

सीडीवरच्या फायली आधी डिस्कवर कॉपी करा, सीडीवरून थेट उघडू नका. फॉन्ट ज्या आवृत्तीचे होते त्याच आवृत्तीचे टाका. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत जोडाक्षरांचे खण वेगळे असू शकतात. एक फाइल उघडून छापील जुन्या अंकाशी शब्दन्‌शब्द ताडून बघा, विशेषतः क्ष, ज्ञ, द्ध, श्र, आणि रफार. ते जुळले की बाकी जुळतं.

मग एक्सपीमध्ये पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पानाचं वर्णन करणारी भाषा) प्रिंटरचा ड्रायव्हर बसवा, पोर्टला फाइल निवडा, आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये फॉन्ट फायलीतच उतरवण्याचा पर्याय घ्या. छापलं की पोस्टस्क्रिप्ट फाइल मिळते. ती नव्या कॉम्प्युटरवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पीडीएफ होते, आणि पान जसंच्या तसं दिसतं. पण त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर तो अजूनही जुन्या खणांतलाच येतो. शोधता येईल, पुन्हा वापरता येईल असं युनिकोड हवं असेल तर त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर चालवावा लागतो आणि नंतर माणसाने प्रूफ वाचावं लागतं. कन्व्हर्टर ऱ्य आणि र्य यांत गोंधळतात, अनुस्वार कधी गाळतात. मी दोन्ही ठेवते: दिसण्यासाठी पीडीएफ, मजकुरासाठी युनिकोड. पेजमेकरची मूळ पीएमडी किंवा पी६५ फाइल कधीच पुसत नाही.

सगळं बसलं, लॉक ओळखला गेला, फॉन्ट जुळले की त्याच दिवशी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, घ्या, डीडीरेस्क्यूने किंवा क्लोनझिलाने, आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. पुढच्या वेळी काही बिघडलं तर दिवसभराचा सेटअप करावा लागणार नाही, इमेज उतरवली की तासाभरात मशीन कामाला लागतं. पावसाळ्यात लॅपटॉप, लॉक आणि सीडी झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आंचेवर कोरड्या करून परत वापरा, आणि पंधरा दिवसांतून एकदा मशीन तासभर चालू ठेवा.